साचा चिकट राहिला तर

दिवाळी सरली की नगरच्या मूर्ती कारखान्यांत पुढच्या गणपतीची जुळवाजुळव सुरू होते. नवं मॉडेल घडवायचं, त्यावर रबर ओतून साचा काढायचा आणि पावसाळ्यापर्यंत त्या साच्यातून माल काढत राहायचं. शिर्डीच्या दुकानांत मांडलेल्या बाबांच्या छोट्या मूर्तींचंही गणित याहून वेगळं नाही. या धंद्यात पैसा आणि झोप दोन्ही घालवणारा प्रसंग ठरलेला आहे. महागामोलाचं सिलिकॉन रबर ओतलं, रात्रभर ठेवलं, सकाळी सोडवायला घेतलं तर मॉडेलच्या अंगाला चिकट लगदा. मग दुकानदाराला फोन, माल जुना दिला म्हणून वाद, आणि पुढच्या वेळी हार्डनर दुप्पट टाकायचा निश्चय.

माल क्वचितच खराब असतो. आपल्या डब्यातला रबर घट्ट करणारा धातू कोणता आणि त्याला काय चालतं, काय चालत नाही, हे माहीत नसल्याने घात होतो. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या साचेवाल्यांनी, हौसेने साबण-मेणबत्तीचे साचे करणाऱ्या ताईंनी आणि रेझिनचं काम करणाऱ्या मुलांनी तेवढं समजून घेतलं तर बरंच नुकसान टळेल.

पहिली गोष्ट, खरेदीच्या वेळी एक प्रश्न न चुकता विचारा: हे टिनचं आहे की प्लॅटिनमचं? पुण्याच्या बोहरी आळीतून आणा नाहीतर घरबसल्या मागवा, साच्याचं दोन भागांतलं सिलिकॉन या दोनपैकी एका घराण्याचं असतं. विकणाऱ्याला सांगता आलं नाही तर लेबल वाचा. ‘कंडेन्सेशन क्युअर’ लिहिलं असेल तर टिन, ‘ॲडिशन क्युअर’ असेल तर प्लॅटिनम. लेबलच नसेल तर प्रमाणावरून अंदाज येतो. शंभर ग्रॅम रबराला तीन-पाच ग्रॅम हार्डनरची छोटी बाटली असेल तर बहुधा टिन. दोन सारखे डबे असतील तर बहुधा प्लॅटिनम.

आता हा धातू डब्यात करतो काय? त्यासाठी थोडं मागे जावं लागेल, आणि माझ्या मते ते वाया जाणार नाही.

वाळूतून काढलेलं सिलिकॉन मूलद्रव्य भुकटीच्या रूपात घेऊन त्यावरून साधारण ३०० अंश सेल्सिअसला मिथाइल क्लोराइड वायू सोडतात. नुसत्या भुकटीवर हे काम नीट होत नाही, सोबत तांबं लागतं. अमेरिकेतल्या जनरल इलेक्ट्रिक कंपनीत यूजीन रोको यांनी १९४० साली ही रीत शोधली. जर्मनीत रिचर्ड म्युलर यांनाही ती स्वतंत्रपणे सापडली, म्हणून तिला दोघांचं नाव आहे. यातून क्लोरोसिलेन मिळतात. सिलेन म्हणजे मध्ये सिलिकॉनचा एक अणू आणि त्याच्या चार हातांत हायड्रोजन, क्लोरिन किंवा कार्बनचे गट. क्लोरोसिलेनला पाणी लागलं की क्लोरिन सुटतो, त्याच्या जागी ऑक्सिजन येतो आणि सिलिकॉन-ऑक्सिजन-सिलिकॉन अशी लांब साखळी तयार होते. आपल्या डब्यातलं दाट, पांढरट, मधासारखं वाहणारं द्रव्य म्हणजे या साखळ्या. अजून त्या एकमेकींत अडकलेल्या नसतात, म्हणून ते वाहतं. जागोजागी गाठी मारल्या की त्याचं रबर होतं. या गाठी मारण्याचं काम धातू करतो.

प्लॅटिनमच्या मालात एका भागातल्या साखळ्यांच्या टोकांना व्हिनाइल गट असतो, म्हणजे कार्बनचा दुहेरी बंध. दुसऱ्या भागात सिलिकॉनला थेट हायड्रोजन जोडलेला असतो, हाच सिलेनचा बंध. दोन्ही नुसते एकत्र केले तर साध्या तापमानाला काहीच घडत नाही. प्लॅटिनमचा अणू सिलिकॉन आणि हायड्रोजन यांची जोडी फोडून दोघांना स्वतःवर घेतो. शेजारी व्हिनाइल येऊन बसतं, हायड्रोजन एका कार्बनवर सरकतो, सिलिकॉन दुसऱ्या कार्बनला चिकटतो आणि प्लॅटिनम मोकळा होऊन पुढच्या जोडीकडे वळतो. ॲलन चॉक आणि जॉन हॅरॉड यांनी १९६५ साली ही पायरी-पायरीची मांडणी केली. त्याआधी १९५७ मध्ये डाऊ कॉर्निंगच्या जॉन स्पायर यांनी प्लॅटिनमचं आम्ल अल्कोहोलात विरघळवून वापरलं होतं. आज साच्याच्या रबरात बहुधा जे प्लॅटिनम असतं ते ब्रूस कार्स्टेट यांच्या १९७३ च्या पेटंटच्या वळणाचं, तेलात सहज मिसळणारं.

या जोडणीत बाहेर काहीच पडत नाही. ना पाणी, ना अल्कोहोल. जेवढं ओतलं तेवढंच राहतं, म्हणून प्लॅटिनमचा साचा जवळजवळ आटत नाही.

   

आता चिकटपणाकडे येऊ. रबरात प्लॅटिनम फार थोडं असतं, दहा लाख भागांत पाच-दहा भाग. एक किलो रबरात दहा मिलिग्रॅम धरा. एवढ्या प्लॅटिनमच्या प्रत्येक अणूला एकेक गंधकाचा अणू द्यायचा तर दीड-पावणेदोन मिलिग्रॅम गंधक पुरतं. गंधकाची वागणूक एस.टी.त खिडकीतून रुमाल टाकून जागा धरणाऱ्यासारखी असते. जागा धरली की तो उठत नाही, प्लॅटिनम अडकून पडतं आणि गाठी मारणं थांबतं. नायट्रोजनवाली अमाइन संयुगंही हेच करतात. टिनची संयुगंही प्लॅटिनमला अशीच अडवतात.

मग कारखान्यात गंधक कुठे असतं? जुन्या पद्धतीचे लॅटेक्स रबराचे साचे गंधक घालून पक्के केलेले असतात. अशा साच्यातून नुकताच काढलेला नमुना मॉडेल म्हणून वापरला की त्याच्या अंगावर गंधकाचा अंश आलेला असू शकतो. पिवळसर लॅटेक्सचे हातमोजे हा सगळ्यात छुपा शत्रू. मॉडेल पुसताना, रबर ढवळताना बोट लागलं तरी तेवढी जागा ओली राहते. हातमोजे व्हिनाइलचे घ्या. तेलावर मळलेल्या मॉडेलिंग क्लेमध्ये पुष्कळदा गंधक असतं, घेताना ‘सल्फर फ्री’ बघून घ्या. मॉडेलचा फुटलेला कान किंवा तुटलेला मोदक एपॉक्सी पुट्टीने जोडला असेल तर तिच्या हार्डनरमध्ये अमाइन असतं. नेमक्या त्या कानाभोवतीच रबर चिकट राहिलं तर चकित होऊ नका. थ्री-डी प्रिंटरवर द्रव रेझिनमधून काढलेली मॉडेलं प्लॅटिनमला सहसा मानवत नाहीत. फायबरग्लासची ताजी मूर्तीही नको, तिच्यातलं उरलेलं स्टायरीन आड येतं.

एक गोष्ट मात्र उलटी आहे. पीओपी म्हणजे कॅल्शियम सल्फेट, त्यात गंधक भरपूर. तरी कोरडं पीओपी प्लॅटिनमला त्रास देत नाही. त्यातला गंधक चार ऑक्सिजनांनी वेढलेला असतो आणि धातूला धरायला त्याच्याकडे मोकळा हात नसतो. पीओपीच्या मॉडेलला अडचण येते ती ओलाव्याची आणि भोकांची. रबर बारीक छिद्रांत शिरून अडकतं आणि सोडवताना ओरखडे काढतं. म्हणून मॉडेल पूर्ण वाळवा, ॲक्रिलिक लॅकरचे दोन पातळ हात द्या, तेही पूर्ण वाळू द्या. शाडूच्या मॉडेललाही हेच. शाडू कुठल्या खाणीतून आली यावर बरंच अवलंबून असल्याने तिच्यावर आधी चाचणी घ्या.

चाचणी अगदी सोपी, पण कोणी करत नाही. मॉडेलच्या पाठीमागे, पाटाखाली, जिथे दिसणार नाही अशा जागी चमचाभर रबर मिसळून लावा आणि लेबलवरच्या वेळेइतकं थांबा. खालची बाजू कोरडी सुटली तरच पूर्ण ओता. हा चमचा वाचवायला जाऊन दोन किलो रबर घालवलेले कारागीर कमी नाहीत.

रबर बिघडलंच, तर ते कुठे बिघडलं ते नीट बघा. बाकी सगळं घट्ट आणि फक्त मॉडेलला टेकलेली साल चिकट असेल, तर मॉडेलवरच्या कशाने तरी प्लॅटिनम अडवलं आहे. घट्ट रबरात मध्येच चिकट रेघा किंवा डाग असतील, तर ढवळणं कमी पडलं. भांड्याच्या कडा आणि तळ खरवडून, शक्य तर दुसऱ्या भांड्यात ओतून पुन्हा ढवळावं लागतं. आणि सगळंच रबर मऊ, लिबलिबीत असेल, तर वजन चुकलं किंवा थंडी आडवी आली. थंडीचं असेल तर ऊब दिल्यावर सुधारतं. अडवलेलं प्लॅटिनम ऊब देऊनही हलत नाही, ते खरवडून काढण्याला पर्याय नाही.

प्लॅटिनमच्या मालात हार्डनर जास्त टाकल्याने काम लवकर होत नाही, हे भिंतीवर लिहून ठेवावं. दोन्ही भागांतल्या गटांची संख्या कंपनीने जुळवलेली असते. एकाचा भाग वाढवला की दुसऱ्याला जोडीदार कमी पडतात आणि रबर कमकुवत होतं. मापाने अंदाजे ओतू नका, वजनकाटा घ्या.

टिनची रीत वेगळी. तिथे साखळ्यांच्या टोकांना सिलिकॉनवर हायड्रॉक्सिल गट असतात आणि हार्डनरमध्ये इथाइल सिलिकेटसारखं सिलिकॉनचं संयुग आणि टिनचं, बहुधा डायब्युटिल टिन डायलॉरेट. टिन या दोघांना जोडतं आणि प्रत्येक गाठीमागे अल्कोहोलचा एक रेणू बाहेर पडतो. तो उडून जातो, म्हणून साचा आटतो. हजारात तीनपासून दहा भागांपर्यंत आटणं माल बघून होतं. ३०० मिलिमीटर उंचीच्या मूर्तीला हजारात पाच धरले तरी दीड मिलिमीटर झाले. एका मूर्तीला ते कोणाला दिसणार नाही. पण दोन भागांचा साचा असेल आणि पुढचा भाग आज, मागचा आठवड्याने ओतला असेल, तर जोडाच्या रेषेला पायरी पडते आणि पॉलिशवाल्याचा दिवस त्यात जातो. टिनच्या साच्याचे दोन्ही भाग लागोपाठ ओता.

टिन चिडखोर नाही हे त्याचं मोठेपण. गंधकाची क्ले, एपॉक्सीची ठिगळं, फायबरग्लास, सगळं त्याला चालतं, आणि ते स्वस्तही पडतं. पीओपीच्या मूर्तींना मी तरी टिनच सुचवेन. पण त्याची दोन पथ्यं आहेत. पहिलं असं, की साचा सुटल्याबरोबर त्यात रेझिन ओतू नका. आतलं अल्कोहोल निघून जायला दोन-तीन दिवस हवेशीर जागी उघडा ठेवा. दुसरं पथ्य हार्डनरचं. जास्त घातला तर टिन खरंच लवकर सेट होतं, आणि त्याच मोहात सगळे फसतात. उरलेलं टिन साच्यात बसून राहतं आणि तोच बंध पुन्हा उलगडायला मदत करतं. काही वर्षांनी साचा ठिसूळ किंवा बुळबुळीत होतो.

यात नगरची हवा स्वतःचा हिशोब मांडते. टिनला थोडा ओलावा लागतो, आणि आपला बहुतेक जिल्हा पर्जन्यछायेतला. मार्च-एप्रिलच्या कोरड्या दुपारी टिनचं रबर लेबलवरच्या वेळेत आतपर्यंत सेट होत नाही. जवळ पाण्याची बादली किंवा ओलं पोतं ठेवलं तर फरक पडतो, मात्र पाणी रबरात घालू नका. डिसेंबर-जानेवारीत रात्री पारा दहाच्या खाली जातो. तेव्हा प्लॅटिनमचं रबर सकाळपर्यंत तसंच पातळ दिसेल. दिवसा ओता, बल्ब लावून बंद खोलीत ठेवा, घाबरून हार्डनर वाढवू नका. मे महिन्यात उलटं. तापमान दहा अंशांनी वाढलं की हातात मिळणारा वेळ साधारण निम्मा होतो. लेबलवर २५ अंशांना चाळीस मिनिटं लिहिली असतील तर पत्र्याच्या शेडमध्ये दुपारी वीससुद्धा मिळणार नाहीत. पहाटे ओता, डबे आदल्या रात्री गार जागी ठेवा.

हवा काढण्याच्या यंत्राबद्दलही एक स्थानिक गोष्ट. परदेशी लेबलवर २९ इंचांचा निर्वात करा असं लिहिलेलं असतं. नगर समुद्रसपाटीपासून साधारण ६५० मीटर उंचीवर आहे, इथली हवाच मुळात कमी दाबाची. कितीही चांगला पंप लावला तरी इथे काटा पावणेअठ्ठावीसच्या आसपास थांबेल. पंप खराब म्हणून परत पाठवू नका. मिश्रण फुगून वर येतं, म्हणून भांडं रबराच्या चौपट मोठं घ्या. पंप नसेल तर पहिला हात ब्रशने पातळ लावा आणि उरलेलं उंचावरून बारीक धारेने, एकाच कोपऱ्यातून ओता. बुडबुडे धारेत ताणले जाऊन फुटतात.

किती रबर लागेल याचा अंदाज बाजरीने घ्या. चौकटीत मॉडेल ठेवून मोकळ्या जागेत बाजरी भरा आणि ती मापाने मोजा. एक लिटर निघाली तर सव्वा किलो रबर आणा, कारण रबर पाण्याहून थोडं जड असतं आणि थोडं भांड्याला लागतं. नंतर मॉडेल स्वच्छ झटका.

खरी परीक्षा अडचणीच्या जागांची. गणपतीत सोंड आणि पोट यांच्यामधली फट, आणि मोदकाचा हात जिथे छातीपासून सुटतो ती जागा. सिद्धटेकच्या धर्तीवर उजव्या सोंडेची मूर्ती करणार असाल तर साच्याचा जोड त्या बाजूने घ्या, नेहमीच्या डाव्या सोंडेच्या साच्याची आखणी तशीच उचलू नका. शिर्डीच्या बाबांच्या बैठकीत ही अडचण एका पायावर टाकलेल्या दुसऱ्या पायाखाली येते. शिल्पकार बाळाजी वसंत तालीम यांची संगमरवरी मूर्ती १९५४ साली समाधी मंदिरात बसली आणि बहुतेक छोट्या मूर्ती तिच्याच वळणावर होतात, त्यामुळे ही पोकळी प्रत्येकाच्या वाट्याला येते. अशा कामाला मऊ रबर घ्या, कडकपणाच्या शोअर ए मापावर १५ ते २५. सपाट फलकाला, देवळीच्या चौकटीला तीसच्या पुढचं चालतं. मोठ्या मूर्तीला सगळा ठोकळा रबराचा ओतण्यात पैसे जाळू नका. आठ-दहा मिलिमीटरची साल काढा आणि तिला बाहेरून काथ्या घातलेल्या पीओपीचं कवच द्या.

दोन भागांच्या साच्यात दुसरा भाग ओतण्याआधी पहिल्यावर व्हॅसलिनचा पातळ हात द्यायला विसरू नका. सिलिकॉनला बाकी फारसं काही चिकटत नाही, पण सिलिकॉनला सिलिकॉन असं चिकटतं की करवतच घ्यावी लागते.

आता घरातल्या गोष्टी. उकडीच्या मोदकांचे, चॉकलेटचे, बर्फीचे साचे टिनच्या रबरातून कधीही काढू नका, कितीही वाळवले तरी. त्यातली टिनची संयुगं विषारी आहेत, गर्भाला अपाय करणाऱ्या रसायनांत युरोपात त्यांची नोंद आहे. खाण्याच्या वस्तूंना प्लॅटिनमचंच रबर लागतं, आणि तेही डब्यावर खाद्यपदार्थांसाठी योग्य असल्याचं स्पष्ट लिहिलेलं. गरोदर बाईने टिनचा हार्डनर हाताळू नये आणि कोणीही तो उघड्या हाताने ढवळू नये.

प्लॅटिनमच्या ज्या डब्यात सिलेनचा हायड्रोजन असतो, त्यात कॉस्टिक सोडा, धुण्याचा सोडा किंवा दुसऱ्या डब्याचा चमचा जाऊ देऊ नका. हायड्रोजन वायू सुटून झाकण फुगतं, आणि तो पेट घेणारा वायू आहे. झाकणांची अदलाबदल हे याचं नेहमीचं कारण, म्हणून झाकणांवर रंगाने खूण करा. फुगलेला डबा बिडी-काडीपासून लांब, बाहेर नेऊन उघडा.

साचा तयार झाल्यावर त्याच्या पाठीवर ओतल्याची तारीख आणि टिन की प्लॅटिनम हे मार्करने लिहा. टिनच्या साच्यावर, त्याच ब्रशने किंवा त्याच पाटीवर प्लॅटिनमचं रबर ओतलं की पुन्हा तोच चिकट लगदा, म्हणून दोघांची भांडी वेगळी हवीत. साचा ठेवताना त्यात एक जुनी मूर्ती बसवूनच ठेवा, नाहीतर सोंड एका बाजूला कलते आणि पुढच्या वर्षीचे सगळे गणपती तसेच निघतात. पॉलिएस्टर रेझिन ओतत असाल तर त्यातलं स्टायरीन साच्यात मुरून तो हळूहळू कडक होतो, म्हणून दोन ओतण्यांमध्ये त्याला रात्रभर विसावा द्या. आणि साचा कितीही चांगला निघाला तरी मूळ मॉडेल फोडू नका.